टांगणी

टेपरेकॉर्डर ठेव इथे, साखरेच्या भांड्याशेजारी.
वायर तेवढी माझ्या पायात येऊ देऊ नकोस.
अकरावा भाग जगात कुठेच उरला नाही म्हणतोस:
काही डबे जळाले, काही चांदीसाठी वितळवले,
तुझ्या यादीत दहानंतर एकदम बारा.
म्हणून तू पेनसिल्वेनियात, या कोळशाच्या गावात,
एकाहत्तर वर्षांच्या बाईच्या स्वयंपाकघरात.

तर ऐक.

दर शनिवारी पाच सेंट.
थिएटर कसलं, आधीचा तबेला तो,
हवा दमट झाली की भिंतींना अजून घोडे आठवायचे.
मिसेस प्रॉथरोंच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी,
त्यामुळे पियानोवर दरोडेखोर आले
की जरा लंगडतच यायचे.

आमची रांग सगळी स्लोव्हाक.
पडद्यावर अक्षरं उमटली की मोठी माणसं माझ्याकडे वळत.
मी दहा वर्षांची, शाळेत जाणारी, त्या रांगेची वाचा.
ती म्हणते, नकाशा मी गिळून टाकला.
तो म्हणतो, पूल आता पडणार.
मागे पोलिश, त्यांचा पोरगा माझ्या अर्धं वाक्य मागे,
त्याच्याही मागे इटालियन.
विनोद एकच. हशा तीन हप्त्यांत.

दहाव्या भागाच्या शेवटी डेलफीन कड्याला लटकली.
दोन हात, एक मूळ, खाली नदी.
मूळ तुटत होतं, त्याचा तंतू न् तंतू दिसत होता,
आणि वर अक्षरं: क्रमशः.

त्याच सोमवारी साथ आली.
थिएटरला फळ्या ठोकल्या. शाळेला, चर्चला,
गुत्त्यालासुद्धा.
पाच आठवडे गावाचा जीव टांगणीला
आणि तिकडे डेलफीनचाही.

फळ्या ठोकणारा ओन्द्रेयकाका.
त्याच फळ्यांच्या मग पेट्या करू लागला,
लहान, मोठ्या, फार लहान.
मग एके दिवशी हातोडी ठेवून खाटेवर आडवा झाला.
रात्री तापात विचारायचा,
झोफ्का, ती वाचते कशी गं?

मला काय ठाऊक!
पण समोर अक्षरं नसली तरी
कुणी माझ्याकडे वळलं की बोलायची सवय लागलेली.
म्हणाले, ती मूळ सोडते.
सोडते?
हो. आपणहून.
पाचव्या भागात घोड्यावरून जाताना
तिनं बघून ठेवलंय ना, नदीला डोह कुठे आहे ते.

काका बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, हुशार आहे पोरगी.
पहाटे आईनं हाक मारली तेव्हा
त्याच्या मुठीतली गोधडीची कड सुटलेली होती.

नोव्हेंबरात फळ्या निघाल्या.
रांगेत जागा होत्या. त्यांवर कुणी बसलं नाही,
कोट ठेवले.
मिसेस प्रॉथरो आल्या. पोलिश पोरगा आला, डोकं भादरलेलं.
आणि अकराव्या भागात काय दाखवावं त्यांनी?
वरून एक दोर आला! दोराला नायक!
पाच आठवड्यांपूर्वी त्या कड्यावर
त्याच्या टोपीचाही मागमूस नव्हता.
अक्षरं आली:
'परमेश्वराच्या कृपेने मी वेळेवर पोहोचलो.'

सगळी रांग माझ्याकडे वळली.
आईच्या मांडीवर काकाची टोपी होती.
मी म्हणाले,
ती म्हणते, उगाच आलास. मी सोडणारच होते.

मागे पोलिश पोरगा थबकला.
त्याला इंग्रजी वाचता येत होतं,
आमचंही बरंचसं कळत होतं.
अर्धं वाक्य थांबला. एक वाक्य थांबला.
मग त्यानं माझंच पुढे दिलं.

तू लिहून घे: दोर, नायक, परमेश्वराची कृपा.
यादीला तेवढं पुरे.
नायकाची टोपी पांढरी होती का?
ते नाही बाबा आठवत.
मूळ आठवतं.
कॉफी घे, निवतेय.